‘हा सारांश झाला’ असा शेरा पडल्यावर

प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, सध्या पुण्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. मोबाइल आणि मुलांची एकाग्रता या विषयावरचा एक इंग्रजी लेख देऊन त्याचं ‘रेटॉरिकल अ‍ॅनालिसिस’ लिहायला सांगितलं, म्हणजे लेखकानं वाचकाला पटवायला काय काय केलं त्याची उकल. तिनं इथॉस (बोलणाऱ्याची विश्वासार्हता), पॅथॉस (भावना), लोगॉस (तर्क) असे तीन भाग पाडून हजार शब्द लिहिले. कागद परत आला तो एका ओळीचा शेरा घेऊन: ‘हा सारांश झाला, विश्लेषण नाही.’ ती विचारते, माझं नेमकं काय चुकलं आणि दुसरा मसुदा कसा लिहू?

बेटा, हा शेरा मी स्वतः शेकडो कागदांवर मारला असेल. आधी अंबाजोगाई आणि मग लातूर, असं मिळून सत्तावीस वर्षं मी मराठी-इंग्रजी शिकवलं. आपल्याकडची पोरं इथं दोन सवयींमुळे अडतात आणि दोन्ही सवयी आम्हा मास्तरांनीच लावलेल्या असतात.

पहिली सवय सारांशाची. उतारा एक तृतीयांश कर म्हटलं की तुम्ही डोळे मिटून करता. दुसरी रसग्रहणाची, आणि ही जास्त चिवट. दहावीला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन खणांत कविता बसवायला शिकवतात. कवीनं ‘अत्यंत समर्पक शब्दांत’ काहीतरी ‘प्रभावीपणे’ मांडलेलं असतं आणि आपण त्याला शाबासकी द्यायची असते. तुझे इथॉस-पॅथॉस-लोगॉसचे तीन परिच्छेद म्हणजे तेच तीन खण, फक्त पाट्या ग्रीक. इकडे लेखकाला शाबासकीही द्यायची नसते आणि त्याला खोटंही पाडायचं नसतं. त्यानं वाचकाला आपल्याकडे वळवायला काय काय केलं, ते उलगडून दाखवायचं असतं.

हे तुला येत नाही असं मात्र समजू नको. गावात सप्ता बसतो तेव्हा रात्रीचं कीर्तन सुटल्यावर घराकडे जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागं चालून बघ. बुवांनी सांगितलेली गोष्ट परत कोणीच सांगत नाही, ती सगळ्यांनी ऐकलेलीच असते. बोलणं निघतं ते असं: “पहिला अर्धा तास नुस्तं हसवलं बघ, अन् मंग हुंड्यावर आणलं.” “आणणारच की. म्होरं कोण कोण बसलं होतं बघितलं न्हाई का? आधीच बोलला असता तर उठून गेले असते.” झालं. क्रम कसा लावला, समोर कोण होतं, कोणती गोष्ट कुठपर्यंत राखून ठेवली आणि का, सगळं आलं त्यात. तुझ्या प्राध्यापकांना हेच हवं आहे, फक्त कागदावर आणि पुराव्यासह.

तेव्हा पहिलं काम: लेख छापून घे. मोबाइलवर वाचून हे होत नाही, निदान माझ्याच्यानं तरी झालेलं नाही. कोऱ्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे प्रत्येक परिच्छेद काय म्हणतो ते पाचसहा शब्दांत लिही. उजवीकडे तो परिच्छेद काय करतो ते लिही, आणि तिथं क्रियापदच यायला हवं: कबूल करतो, घाबरवतो, गोंजारतो, आधीच माफी मागून ठेवतो, विरोधकाच्या तोंडी कमकुवत मुद्दा घालतो, विषय बदलतो. ‘सांगतो’, ‘मांडतो’, ‘स्पष्ट करतो’ ही क्रियापदं उजव्या बाजूला चालणार नाहीत. तुझा पहिला मसुदा सगळा डाव्या रकान्यातून आला, म्हणून तो सारांश झाला. दुसरा उजव्या रकान्यातून लिहायचा.

उजवा रकाना भरायचा तर लेख कोणासाठी, कधी आणि कशाच्या पार्श्वभूमीवर लिहिला ते माहीत असावं लागतं. ते एका जुन्या मराठी लेखावर करून दाखवतो.

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं, पण ‘मनोगत’ हा पहिला अग्रलेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. लेख सुरू व्हायच्या आधीच एक गोष्ट घडते. पत्राच्या शिरोभागी तुकारामांचा अभंग आहे, भीड सोडून तोंड उघडणाऱ्याचा, मुक्याला जगात कोणी विचारत नाही असं म्हणणारा. बहिष्कृतांचं पत्र हातात धरायला जो कचरेल, त्या मराठी वाचकालाही तुकाराम नाकारता येत नाहीत. लेखकानं आपली साक्ष द्यायला अशा माणसाला उभं केलं की उलटतपासणीच शक्य नाही. विश्वासार्हता उसनी घेतात ती अशी. यालाच इथॉस म्हणतात, पण तो शब्द न वापरताही मुद्दा कळला की नाही?

आता सुरुवातीलाच येणारा शब्दप्रयोग घे: हा देश म्हणजे ‘विषमतेचे माहेरघर’. माहेर हा आपल्या भाषेतला सगळ्यात उबदार शब्द असेल. त्याच्या शेजारी विषमता बसवली. ‘विषमता फार आहे’ म्हटलं असतं तर ती तक्रार झाली असती. माहेरघर म्हटल्यावर विषमता इथं पाहुणी राहत नाही, ती घरची लाडकी लेक होते आणि वाचक त्या घरातला माणूस. एका शब्दानं आरोप वाचकाच्या उंबऱ्यापर्यंत आला, आणि आवाज न चढवता आला.

पुढं दोन प्रतिमा आहेत. पहिली मनोऱ्याची: हिंदू समाज हा मनोरा, एकेक जात एकेक मजला, पण मनोऱ्याला शिडी नाही, म्हणून ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. दुसरी आगबोटीची: इतर उतारूंचं नुकसान व्हावं म्हणून एखाद्यानं बोटीला भोक पाडलं, तर आज ना उद्या तोही बुडणार. विद्यार्थी इथं हमखास लिहितात, ‘लेखकाने प्रतिमांचा प्रभावी वापर केला आहे.’ मी विचारतो, दोन कशाला? एकीनं भागलं नसतं का?

नसतं भागलं, कारण दोन्हींच्या समोरचा माणूस वेगळा आहे. मनोरा व्यवस्थेचं चित्र काढतो. खालच्या मजल्यावरच्याला तो सांगतो की तू वर जाऊ शकत नाहीस हा तुझा नाकर्तेपणा नव्हे, बांधणाऱ्यानं शिडीच ठेवलेली नाही. आगबोट मात्र उघडउघड इशारा म्हणून येते आणि तो इशारा आहे फक्त आपापल्या जातीचं हित पाहणाऱ्या इतर वर्तमानपत्रांना. त्या वाचकाकडे करुणा मागितलीच नाही. करुणा द्यायची की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. बुडायचं की नाही हे नसतं. म्हणून तिथं स्वार्थाची भाषा वापरली. (आणि होडी नाही, आगबोट. किनाऱ्यानं आगबोटी चालायच्या त्या काळच्या मुंबईकराला जातीजातीचे उतारू एका बोटीत बसलेले दिसतच असणार, असं माझं वाचन. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, इथल्या माणसाला आगबोट समजावूनच सांगावी लागली असती.) शिवाय इतर काही पत्रांची नावं घेऊन, ती बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करतात हे लेखक मान्य करतो आणि लगेच म्हणतो की तिथं पुरेशी जागा मिळणं शक्य नाही. आधी श्रेय दिलं, मग गरज दाखवली. ‘आणखी एक पत्र कशाला?’ हा प्रश्न विचारायच्या आतच मिटला.

बघ, एवढ्यात लेख चांगला की वाईट, बरोबर की चूक, हे मी कुठं म्हटलं नाही.

आता एक छोटा उतारा. हा मीच वर्गासाठी रचला होता, मुद्दाम चलाख करून. एखाद्या पुरवणीतल्या लेखाचा शेवट समज:

“२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांनी रेल्वेची वाट पाहिली, ती पाहुण्यांसाठी नव्हे, पाण्यासाठी. मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. आम्ही घागरी घेऊन उभे होतो. ज्यांनी मांजरा कोरडी केली, ते मात्र त्या रांगेत नव्हते. आता तरी आपण शहाणे होणार आहोत का?”

लातूरच्या वर्गात हा वाचला की क्षणभर कोणी बोलत नाही. प्रत्येकाच्या घरी त्या उन्हाळ्याची आठवण आहे. त्यामुळंच तो निवडला, कारण ज्या मजकुरानं आपल्यालाच गलबलतं त्याची शिवण उसवणं सगळ्यात अवघड.

पाच लाख लिटर. आकडा खरा आहे, दहा वाघिणींची पहिली गाडी एवढंच पाणी घेऊन आली होती. पण आकडा खरा असणं वेगळं आणि तो कोणत्या मापात दिला हे वेगळं. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार केलास तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास येतं, म्हणजे एक मोठी बाटली. लेखकानं ‘माणशी एक बाटली’ लिहिलं असतं तर तेच पाणी केविलवाणं वाटलं असतं. धरणाच्या हिशेबातला टीएमसी काढला असता तर दशांशचिन्हापुढं शून्यंच शून्यं आली असती, कारण एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. ‘पाच लाख’ हे माप संकट भव्य करतं आणि मदतही भव्य करतं. लेखात आकडा दिसला की ‘इथे लोगॉस आहे’ लिहून पुढं जाऊ नको. हाच आकडा, याच मापात का, ते विचार.

घागरींचं वाक्य घे. गाडीतलं पाणी काही थेट घागरीत पडलं नव्हतं. ते आधी साठवलं, शुद्ध केलं आणि मग टँकरनं वस्त्यांत गेलं. म्हणजे ‘घागरी घेऊन उभे’ हे टँकरच्या रांगेचं चित्र उचलून फलाटावर ठेवलं आहे. खोटं म्हणावं तर रांगा होत्याच. खरं म्हणावं तर तिथं नव्हत्या. असं काही सापडलं की लेखकाला लबाड ठरवायची घाई करू नये. दोन दृश्यं एकावर एक ठेवल्यानं वाचकाला काय दिसलं, एवढं लिहावं.

‘ज्यांनी मांजरा कोरडी केली’. मांजरा म्हणजे लातूरला पाणी देणारी नदी. ती कोरडी केली कोणी? नाव नाही. ऊसवाला म्हणेल पावसानं, कारखान्यावर राग असलेला म्हणेल कारखान्यानं, तिसरा म्हणेल सरकारनं. प्रत्येक वाचक त्या मोकळ्या जागी आपला नावडता माणूस बसवतो आणि सगळेच माना डोलावतात. कर्ता गाळणं ही विसरभोळेपणाची खूण क्वचितच असते.

आणि आता माझी आवडती जागा. ‘आम्ही घागरी घेऊन उभे होतो’ आणि ‘आपण शहाणे होणार आहोत का’. आम्ही आणि आपण. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. दुःख भोगताना लेखक ‘आम्ही’ म्हणतो, तिथं तो पुण्या-मुंबईच्या वाचकाला बाहेर ठेवतो. शहाणं व्हायची वेळ आली की ‘आपण’ म्हणतो, तेव्हा त्याच वाचकाला आत ओढतो. सोसलं आम्ही, जबाबदारी आपली. सगळा उतारा या दोन सर्वनामांवर उभा आहे.

इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, ‘वी’. त्यामुळं इंग्रजी वाचत वाढलेल्या पोरांना तिथला सांधा चटकन दिसत नाही. तुला दिसेल. तुझ्या त्या मोबाइलच्या लेखातल्या प्रत्येक ‘वी’वर पेन्सिलनं ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ असं लिहून बघ. तुझा लेख माझ्या वाचनात नाही, पण या जातीचे लेख भरपूर वाचलेत. सुरुवातीला लेखक स्वतःच्या लेकराचा किंवा स्वतःचाच किस्सा सांगतो, ‘मीही यातलाच’ असा. तिथला ‘वी’ बहुतेक ‘आपण’ असतो. मध्यावर ‘अभ्यास सांगतात’ येतं, तिथं ‘वी’ गुपचूप जाणकारांचा ‘आम्ही’ होतो. शेवटी उपाय सुचवताना परत ‘आपण’. हा बदल नेमक्या कोणत्या वाक्यात होतो ते सापडलं तर तुझ्या निबंधाचा निम्मा मसाला तिथंच मिळेल. मोबाइल घेऊन द्यायचीच ऐपत नाही असे पालक त्या ‘आपण’मध्ये बसतात का, तेही बघ. कोणाला हाक मारली नाही हाही पुरावाच असतो.

आता मुख्य विधान. तुझं बहुधा असं असणार: ‘लेखकाने इथॉस, पॅथॉस आणि लोगॉस वापरून आपला मुद्दा प्रभावीपणे मांडला आहे.’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही लेखाला लावता येतं, औषधाच्या जाहिरातीलाही. अ‍ॅरिस्टॉटलनं या तीन गोष्टी सांगितल्या त्याला तेवीसशे वर्षं झाली. हत्यारं चांगली आहेत, पण हत्यारांची यादी म्हणजे सुतारकाम नव्हे. माझ्या उताऱ्यावर विधान करायचं तर मी असं करीन: “लेखक दुष्काळाचं दुःख ‘आम्ही’च्या मालकीचं ठेवतो, दोषी माणूस अनाम ठेवतो आणि अखेरच्या प्रश्नात ‘आपण’ म्हणून बाहेरच्या वाचकालाही त्या दोषात सहभागी करून घेतो, त्यामुळे कोणालाच थेट न दुखावता सगळ्यांना अपराधी वाटायला लावणं त्याला साधतं.” हे दुसऱ्या लेखाला चिकटणार नाही. विधान पक्कं झालं की नाही, याची माझी हीच परीक्षा: लेख बदलून बघायचा.

मग परिच्छेद लेखकाच्या हालचालींप्रमाणे पाड, ग्रीक शब्दांप्रमाणे नको. दोन वाक्यं शेजारी ठेवतो. पहिलं: “लेखकाने घागरीचा उल्लेख करून वाचकाच्या भावनांना हात घातला आहे.” दुसरं: “टँकरची रांग फलाटावर आणून ठेवल्यामुळे पाण्याचा तुटवडा ही महानगरपालिकेची रोजची अडचण राहत नाही, ती स्थलांतरासारखी दिसू लागते, ज्यानं टँकरची रांग कधी पाहिलेली नाही त्या शहरी वाचकालाही फलाटावर ताटकळणं ठाऊक असतं.” दुसऱ्यात नेमकी जागा आहे, नेमका वाचक आहे आणि ‘का’ आहे. प्रत्येक परिच्छेदात हे तीन सापडले पाहिजेत. भावनांना हात घातला असं लिहायचंच असेल तर कोणत्या भावनेला आणि कोणाच्या, ते सांग. भीती, लाज, अभिमान, अपराधीपणा, ही सगळी वेगवेगळी लेकरं आहेत, एकाच पंक्तीला बसवू नको.

एक खड्डा सांगून ठेवतो, कारण मी स्वतः त्यात पडलोय. एम. ए. ला असताना मराठवाड्याच्या अनुशेषावरचा एक लेख विश्लेषणाला मिळाला होता. लेखकाचा सूर असा की इथले लोक रडतात फार. माझं डोकं फिरलं. अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल काढला, सिंचन, रस्ते, सगळे आकडे त्याच्या अंगावर टाकले, आठ पानं. सरांनी शेवटी एवढंच लिहिलं होतं: ‘तुम्ही लेखकाशी भांडलात. लेख वाचायचा राहिला.’ तेव्हा राग आला. पुढं बऱ्याच वर्षांनी तो लेख पुन्हा काढला तेव्हा दिसलं की त्यानं ‘रडणं’ हा शब्द एकदाही वापरला नव्हता. ‘मागणी’च्या जागी सगळीकडे ‘अपेक्षा’ लिहिलं होतं. मागणी हक्काची असते, अपेक्षा मेहेरबानीची. तो सूर तिथून येत होता आणि माझ्या आठ पानांत त्या शब्दाचा उल्लेखसुद्धा नव्हता. तू मोबाइल वापरणारी पोर आहेस, तुझ्या पिढीवर लिहिलेल्या लेखाचा तुला राग येईल. येऊ दे. जिथं राग आला त्या ओळीवर खूण कर, लेखकानं काहीतरी केलंय ते तिथंच.

राहिलेलं पटापट. हजार शब्दांत लेखाचा सारांश शंभराच्या आत आटप. लेखक, लेखाचं नाव, कधी आणि कुठं छापला, कोणासाठी, हे पहिल्या परिच्छेदात येऊ दे. अवतरणं लहान ठेव, कधी एक शब्द पुरतो. अख्खं वाक्य उचललंस तर त्यातल्या कोणत्या शब्दाबद्दल बोलतेस ते सांग. लेखक काय करतो ते वर्तमानकाळात लिही. संदर्भ कोणत्या पद्धतीनं द्यायचे ते विभागात विचारून घे, प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं. लेखातली एखादी चाल फसली आहे असं वाटलं तर बेधडक लिही, फक्त कोणत्या वाचकापाशी फसली ते सांगून. मी तर म्हणतो, असा एक तरी परिच्छेद असावाच. सगळंच साधलं म्हणणारा निबंध वाचला की मला परत रसग्रहणाचा वास येतो.

निबंधाच्या शेवटी विधानच शब्द बदलून परत लिहायची पद्धत आहे; मला ती कंटाळवाणी वाटते, पण प्राध्यापकांनी तसं सांगितलं असेल तर लिही, दोन मार्कांसाठी वाद नको.

दुसरा मसुदा झाला की मला पाठव, मूळ लेखासकट. पाठवण्याआधी ‘प्रभावीपणे’ किती वेळा आलंय ते मोज आणि आकडा वर लिही.